पाळी नसलेली पहाट

२०१५च्या डिसेंबरात मी भरवेलीला घरी होतो आणि रोज पहाटे पाचला जागा होत होतो. कामावर जायचं नव्हतं. पण खदानीच्या गावात पहिली पाळी निघाली की झोप टिकत नाही. रस्त्यावर गमबूट वाजतात, सायकलींच्या चेनी करकरतात, कोणीतरी कोणालातरी हाक मारतं. बाबा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, तरी तेही त्याच वेळी उठून अंगणात शेकोटी पेटवायचे. मी त्यांच्यासमोर जाऊन बसायचो. आई चहा घेऊन यायची. "काहून उठला बाप्पा इतक्या लवकर? झोप ना थोडा," म्हणायची. बाबा काही बोलत नसत. एखादं लाकूड पुढे सरकवत.

भरवेली मध्य प्रदेशातल्या बालाघाटपासून चार-पाच किलोमीटरवर. गावाची ओळख म्हणजे मॉइलची मँगनीजची खाण. भूमिगत मँगनीज खाणींत आशियातली सर्वांत खोल म्हणून तिचं नाव घेतात. साडेतीनशे मीटरहून खाली माणसं उतरतात. बाबा तीस वर्षं उतरले. मी मात्र आयटीआयला फिटर केलं आणि बाहेर पडलो. एका फेरो-अलॉयच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो. त्याच मँगनीजच्या दगडापासून सिलिको-मँगनीज करणारी भट्टी होती ती.

मंदी आली हे आमच्याकडे ट्रकांवरून कळतं. टपरीवर बसलं की समोरून ट्रक जातात. कोणी मुद्दाम मोजत नाही, पण संख्या सगळ्यांच्या डोक्यात असते. त्या वर्षी पावसाळ्यानंतरही ती वाढली नाही. मँगनीज जवळजवळ सगळं पोलादात जातं, त्यामुळे पोलादाला सर्दी झाली की आमच्या गावाला ताप येतो. त्या साली जगातलं निम्मं पोलाद एकटा चीन करत होता. घरात खपेना म्हणून त्यानं वर्षभरात ११ कोटी टनांहून जास्त माल बाहेर पाठवला. भाव कोसळले, ते खाली खनिजापर्यंत. मॉइलसारख्या भक्कम सरकारी कंपनीचा निव्वळ नफा एका वर्षात ४२८ कोटींवरून १७३ कोटींवर आला. खाण चालू राहिली, कायम कामगारांचे पगार झाले. मार खाल्ला तो आजूबाजूच्या माणसांनी: ट्रकवाले, लोडिंगची माणसं, छोट्या कारखान्यांतले ठेक्यावरचे आमच्यासारखे.

आमची भट्टी ऑक्टोबरात बंद झाली. सिलिको-मँगनीजच्या एका टनाला साधारण चार हजार युनिट वीज लागते. विकून विजेचं बिल निघेना, तेव्हा मालकांनी भट्टी थंड करायचं ठरवलं. भट्टी बटण दाबून थंड होत नाही. वीज तोडली तरी आत धग राहते, म्हणून पाणी फिरवत ठेवावं लागतं. ते पाइप, ते पंप आम्हा फिटरांकडे. त्यामुळे ऑपरेटर गेले, टॅपिंगवाले गेले, आम्ही चौघं आणखी काही दिवस राहिलो. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण दोन वर्षं रात्रंदिवस कानात होती. ती थांबली त्या रात्री मला झोप आली नाही. शेवटच्या दिवशी हेल्मेट, बूट जमा केले, हिशोब घेतला, घरी आलो.

त्यानंतरचे साडेपाच महिने मी जे केलं त्याला आमच्याकडे "रिकामा आहे" म्हणतात. तो शब्द मला तेव्हाही लागला आणि आजही चुकीचा वाटतो. काम शोधणं हे पूर्ण दिवसाचं काम आहे. त्याला हत्यारं लागतात, भांडवल लागतं, अंगमेहनत लागते. फक्त मजुरी नसते.

हत्यार म्हणजे फाइल. निळ्या प्लास्टिकची, बटणाची. आत दहावीची मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला, आधार, जातीचा दाखला, मूळ निवासीचा दाखला, बायोडेटाच्या सात प्रती आणि पासपोर्ट फोटोंचं पाकीट. आयटीआयचं प्रमाणपत्र आईनं कौतुकानं लॅमिनेट करून आणलं होतं. पुढे एका ठिकाणी सांगितलं, लॅमिनेशन चालत नाही, मूळ कागद तपासता येत नाही. त्याची दुय्यम प्रत काढायला दोन चकरा झाल्या. झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची पद्धत तोवर बरीच कमी झाली होती, आपलीच सही चालायची. तेवढा एक त्रास वाचला. फाइल रोज रात्री मी खिडकीच्या कोनाड्यात ठेवायचो आणि वर बाबांनी कधीकाळी आणलेला दगड. मुठीएवढा आहे, पण उचलला की हात खाली जातो, इतका जड. काळा, कडेला तांबूस ठिपक्यांचा थर. त्या ठिपक्यांच्या खडकाला गोंडाइट म्हणतात. फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकानं या भागातल्या गोंडांवरून हे नाव दिलं. त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ १९०९चा. आमच्या मातीचं नाव जगाच्या पुस्तकात आहे, हे मला त्या दिवसांत मनापासून बरं वाटायचं.

फाइलीतल्या दोन दाखल्यांची गोष्ट सरहद्दीवरच्या माणसालाच कळेल. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. मग नागपूर-भंडारा आजच्या महाराष्ट्राच्या बाजूला गेलं, आम्ही इकडे राहिलो. आमचं सोयरं गोंदियाचं, बाजार गोंदियाचा, आजारपण नागपूरचं. कागद मात्र भोपाळचे. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत तिथलं डोमिसाइल मागतात आणि एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या भरतीत आरक्षणासाठी चालत नाही. म्हणजे गोंदियातली जागा माझ्यासाठी पन्नास किलोमीटरच्या आतच असूनही परराज्यातली. मध्य प्रदेशाच्या परीक्षा हिंदीतून, त्याचं मला काही नाही, शाळा हिंदीतूनच झाली. पण त्यांची केंद्रं जबलपूरला आली की पुन्हा अडचण. बालाघाटहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी रेल्वे त्याच वर्षी ब्रॉडगेजसाठी बंद झाली होती. बसनं जायचं, थंडीत, रात्रभर.

फॉर्म भरायचे ते एमपी ऑनलाइनच्या किऑस्कवर. बालाघाटला असे कितीतरी. सकाळी दहाला शटर वर जायचं, त्याआधीच दहा-बारा पोरं-पोरी मफलर गुंडाळून पायरीवर. एका फॉर्मचे पाचशे, वर किऑस्कवाल्याचे. सर्व्हर बसला की सगळे चहाला. कोण कुठे परीक्षा देऊन आला, कुठे ठेकेदार माणसं घेतो, कुठे नुसतेच पैसे खातो, ही खरी माहिती त्या पायरीवर मिळायची. मी वहीत मांडत होतो: तारीख, कुठे अर्ज केला, किती खर्च, काय झालं. शेवटचा रकाना बहुतेक कोराच आहे. वही अजून माझ्याकडे आहे. तेवीस अर्ज, पाच मुलाखती.

त्यातली एक मुलाखत सांगतो. जानेवारीत, बुटीबोरीला. आदल्या दिवशी गोंदियामार्गे नागपूर गाठलं. मामाकडे उतरलो नाही. मामाकडे दोनदा जाता येतं. तिसऱ्यांदा गेलं की मामी तितक्याच मायेनं वाढते, पण आपल्यालाच घास उतरत नाही. रात्र स्टेशनवर काढली. सकाळी बसनं तास-दीड तास. गेटवर नाव लिहून आत गेलो तर शेडमध्ये आम्ही एकोणीस जण, जागा दोन. आधी ट्रेड टेस्ट. एका लोखंडी टेबलावर शाफ्टचा तुकडा आणि व्हर्निअर ठेवलेला. माप घ्या आणि लिहा. रात्रभर बाहेर राहिल्यासारखं गार पोलाद होतं ते. बोटं आखडली होती, जबडा सरकवताना अंगठा थरथरत होता. व्हर्निअरवर दोन शतांश मिलिमीटरपर्यंत वाचायचं असतं. दोन रेघा समोरासमोर आल्यात की जराशा सरकल्यात, एवढ्यावर सगळं. मी हात काखेत धरून गरम केले, मग पुन्हा घेतलं. माझ्या मागचा माणूस चाळिशीचा होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि मग त्याचा हात थांबला, सही कुठे करायची ते त्याला सुचेना. वीस वर्षांत त्यानं नोकरीसाठी एकही परीक्षा दिली नव्हती. आम्ही दोघं बाहेर एकत्र चहा प्यायलो. त्याची पोरगी दहावीला होती.

साहेबांनी मला एकच विचारलं, आधीचं काम का सोडलं. मी म्हटलं, भट्टी बंद झाली. त्यांनी मान हलवली. "फोन करू," म्हणाले.

परत आलो तोवर घरात पैसे संपत आले होते. बाबांच्या पेन्शनवर घर चालायचं, माझे फॉर्म नाही. रोजगार हमीवर मजुरी १५९ रुपये होती, पण त्या दिवसांत आमच्याकडे कामच निघालं नव्हतं. तेव्हा एका ओळखीच्या काकांनी धान खरेदीच्या केंद्रावर लावून दिलं. हिवाळ्यात आमचा सगळा जिल्हा धानाचा असतो. बांध्यांत कापणी झालेली, ओलीवर लाखोळी हिरवी उठलेली, रस्त्यानं ट्रॅक्टर. साध्या धानाला त्या वर्षी हमीभाव होता १४१० रुपये क्विंटल. माझं काम ओलावा बघायचं आणि काट्यावर उभं राहायचं. ढिगात हात कोपरापर्यंत खुपसायचा, कारण वरचं धान उन्हानं वाळलेलं असतं आणि मधलं ओलं. मूठ यंत्रात टाकायची, दाबायची. १७ टक्क्यांच्या आत असेल तर घ्यायचं. वर गेलं तर शेतकऱ्याला सांगायचं, काका, पसरवा, उद्या बघू. थंडीत दवामुळे सकाळी सकाळी आकडा चढतो, म्हणून मी अकराच्या आधी यंत्र लावत नव्हतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तीन दिवसांत कळलं. मग चाळीस किलोचं पोतं भरायचं, सुतळीनं शिवायचं. तीन आठवडे केलं. संध्याकाळी धुळीनं अंग खाजायचं, पण झोप लागायची.

काट्यावर गावातले लोक भेटत. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "लागला का कुठी?" दिवाळीनंतर मंडईचे दिवस असतात, गावोगाव पाहुणे, रात्री नाटक, दंडार. एरवी मी एक मंडई चुकवत नाही. त्या वर्षी एकाही गावी गेलो नाही. हा प्रश्न वाईट मनानं कोणी विचारत नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी दिवसात दहादा उत्तर देऊन माणूस झिजतो.

आमच्या आजीनं एकदा तिच्या आईची गोष्ट सांगितली. ती खदानीवर हातोडीनं दगड फोडायची, चांगला वेगळा, हलका वेगळा. मग एका वर्षी गोरे साहेब म्हणाले, काम बंद. लोक जंगलात गेले, मोहावर, कंदावर दिवस काढले. मी लहानपणी ती गोष्ट म्हणून ऐकली होती. पुढे आकडे वाचले तेव्हा जुळलं. १९२७ साली भारतातून ११ लाख टनांवर मँगनीज निघालं, १९३२ साली जेमतेम २ लाखांच्या घरात. न्यूयॉर्कचा शेअर बाजार पडला आणि इथल्या बाईच्या हातातली हातोडी गेली. तिला कोणी कारण सांगितलं नसेल.

जानेवारीचे उरलेले दिवस आणि फेब्रुवारी मी फोनची वाट पाहण्यात घालवले. आमच्या घरात नेटवर्क नीट येत नसे, म्हणून जेवण झालं की गच्चीवर. मफलर कानावरून काढून बसायचो, रिंग ऐकू यावी म्हणून. ५ फेब्रुवारीला केंद्र सरकारनं पोलादाच्या १७३ प्रकारांवर किमान आयात किंमत लावली. बाबांनी पेपरातली ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली. बुटीबोरीचा फोन येईल म्हणून त्याच महिन्यात मी रायपूरकडचं एक तात्पुरतं काम सोडलं. फोन आलाच नाही. मी केला तर कोणी उचलेना.

पाच मुलाखतींत उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. हिंगण्यातल्या एका छोट्या वर्कशॉपचे मालक होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतः फोन केला. "बेटा, जागा भरली. तुझं माप बरोबर होतं, पण त्या पोराला लेथही येते. थांबू नकोस, दुसरीकडे बघ." नाही ऐकूनही मला हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो आणि तीन आठवड्यांत भिलाईला एका दुरुस्तीच्या ठेक्यावर लागलो. आज तिथेच कायम आहे.

आता कधीकधी मुलाखती घ्यायला मलाच बसवतात. म्हणून माणसं घेणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. "फोन करू" म्हणालात तर करा. नाही सांगायचं असलं तरी करा. तो पोरगा त्या फोनसाठी दुसरं काम सोडून बसलेला असतो.