दोनशे वर्षांची टेकडी

टेकडीचा वाढदिवस असतो का हो? आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचं वय भूशास्त्रज्ञांना विचारलंत, तर ते सहा-साडेसहा कोटी वर्षं सांगतील. त्यात पाच-दहा लाख इकडचे तिकडे झाले तरी कोणी भांडायला येणार नाही. पण बेल्जियममध्ये वॉटर्लू गावाजवळ एक टेकडी आहे, तिचं वय अगदी पक्कं ठाऊक आहे. १८२६ साली ती तयार झाली, म्हणजे २०२६ हे तिचं दोनशेवं वर्ष. तयार झाली म्हणजे काय, तर माणसांनी माती वाहून वाहून ती रचली!

१८ जून १८१५ या दिवशी इथे नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांत नेदरलँड्सचा राजपुत्र विल्यम होता. त्याच्या खांद्याला गोळी लागली, तो घोड्यावरून पडला, पण वाचला. त्याच्या वडिलांनी, म्हणजे राजाने, ठरवलं की जिथे मुलगा जखमी झाला तिथेच मोठं स्मारक उभारायचं. (बेल्जियम तेव्हा त्याच राज्यात होता.) हजारो माणसं मेली त्या मैदानात सर्वांत मोठं स्मारक एका खांद्याच्या जखमेचं! राजेलोकांचा हिशेबच वेगळा.

टेकडी सुमारे ४० मीटर उंच आहे आणि २२६ पायऱ्या चढून गेलं की माथ्यावर सिंह भेटतो. त्याचा एक पंजा गोलावर टेकलेला आहे. वजन २८ टन. नेपोलियनच्या तोफा वितळवून हा सिंह ओतला, अशी एक गोष्ट लोक चवीने सांगतात. ती खरी असेल का? जरा डोकं लढवा. मैदानात नेपोलियनच्या ज्या तोफा होत्या त्या काशाच्या, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूच्या. सिंह आहे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. कासं कितीही वितळवा, त्याचं लोखंड होणार नाही. गोष्ट बाद!

आता मातीकडे वळू. टेकडीच्या पायथ्याचा घेर आहे सुमारे ५२० मीटर. त्यावरून त्रिज्या काढा, ती येते साधारण ८३ मीटर. शंकूच्या घनफळाचं सूत्र वरच्या वर्गातल्या ताईला विचारा आणि उत्तर काढा. जवळजवळ २ लाख ९० हजार घनमीटर माती! एका डंपरमध्ये १० घनमीटर माती मावते असं धरलं, तर २९ हजार खेपा झाल्या. आणि तेव्हा डंपर कुठले? घोडागाड्या होत्या, आणि पाठीवर टोपल्या घेऊन माती वाहणाऱ्या लिएज भागातल्या कष्टाळू बायका होत्या.

पण मग टेकडी एवढी पसरट कशाला केली? खांबासारखी सरळ उभी केली असती तर माती कितीतरी कमी लागली असती की! त्याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळेल. आईला विचारून वाटीभर कोरडा रवा घ्या आणि कागदावर एकाच जागी हळूहळू ओता. ढीग वाढेल, पण एका मर्यादेपुढे त्याची बाजू जास्त उभी होणार नाही. वरून टाकलेला रवा घसरून खाली येईल आणि ढीग रुंद होईल. कंपासपेटीतला कोनमापक लावून उतार मोजा. मग तोच प्रयोग साखर, तांदूळ, वाळू घेऊन करा. प्रत्येकाचा कोन थोडा वेगळा येईल, कारण कण एकमेकांना किती घट्ट धरून ठेवतात यावर तो ठरतो. कोरड्या वाळूचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंत टिकतो. सिंहाच्या टेकडीचा उतार वरच्या आकड्यांवरून काढला तर २६ अंशांच्या आसपास येतो. पावसाळी देशात मुरलेल्या पाण्याने माती सैल होते, तेव्हा थोडं हातचं राखूनच बांधलेलं बरं.

तरी एक अडचण उरतेच. नव्या भरावाची माती हळूहळू दबत जाते. मग वरचा २८ टनांचा सिंह कलंडला नाही तो कसा? तर तो मातीवर उभाच नाहीये. टेकडीच्या पोटात जमिनीपासून वरपर्यंत विटांचा भक्कम खांब आहे, आणि सिंहाचा भार त्या खांबावर आहे. बाहेरून बघणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

आणि एवढी माती आणली कुठून? लांबून नाही, शेजारूनच. लढाईच्या मैदानातच एक लांबट उंचवटा होता, त्याचा बराच भाग खरवडून ही टेकडी झाली. गंमत अशी की लढाईचा निकाल ठरण्यात त्याच उंचवट्याचा मोठा वाटा होता! इंग्रज सेनापती वेलिंग्टनने आपलं बरंचसं सैन्य उंचवट्याच्या मागच्या उतारावर दडवलं होतं. तोफेचा गोळा बऱ्यापैकी सरळ रेषेत जातो. मध्ये उंचवटा आला की पलीकडच्या माणसांवर नेम धरायचा कसा?

जमीन वाचण्यात हा वेलिंग्टन भलताच तरबेज. त्याचा धडा आपल्याच मातीत गिरवलेला. १८०३ मध्ये तो आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढला. केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणत होते, इथे उतार (म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा) नाही. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं त्याला दिसली. त्याने ताडलं की एवढी जवळ गावं आहेत, तर माणसं ये-जा करतच असणार. उतार निघाला आणि लढाई आपण हरलो. आपल्याला ही गोष्ट बोचते, पण त्याच्या नजरेला दाद द्यावीच लागते.

अशा माणसाला वॉटर्लूचा बदललेला नकाशा काय आवडणार! नंतर मैदान पाहायला आल्यावर, माझं रणांगण बदलून टाकलं म्हणून तो हळहळला, असं फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगोने लिहून ठेवलंय.

मूळ जमीन किती उंच होती, हे आजही तिथे दिसतं. टेकडीजवळच अलेक्झांडर गॉर्डन या वेलिंग्टनच्या साहाय्यकाचं स्मारक आहे. ते १८१७ साली उभारलेलं, म्हणजे टेकडीच्या आधीचं. माती खणणाऱ्यांनी ते तसंच ठेवलं आणि आजूबाजूची जमीन काढून नेली. त्यामुळे साधं जमिनीवर बांधलेलं हे स्मारक आता उंचवट्यावर आहे आणि तिथे जायला पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्याकडेही खोदकाम करताना मध्ये मातीचे छोटे खांब न खणता ठेवतात. किती खोल खणलं, ते त्यांच्या उंचीवरून मोजता येतं.

लढाईला २०० वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, तिथे नवं संग्रहालय उघडलं. ते मात्र त्यांनी जमिनीखाली बांधलंय, मैदान आणखी बदलू नये म्हणून.

तुमच्या गल्लीत कुठे बांधकाम चालू असेल, तर वाळूच्या आणि खडीच्या ढिगाचा उतार लांबूनच कोनमापक धरून मोजा आणि वहीत टिपून ठेवा. ढिगावर चढू मात्र नका. तो घसरतो, आणि मुकादमही ओरडतो!