निजण्याआधीचे चार शब्द

इटलीतल्या ट्युरिन शहरात फेब्रुवारी १८५२ मध्ये एका सुतारमिस्त्रीचा आणि त्याच्याकडे काम शिकायला आलेल्या एका पोराचा करारनामा झाला. पोराचा बाप जामीन राहिला आणि मध्यस्थ होते छत्तीस वर्षांचे एक धर्मगुरू. मिस्त्रीने पोराला धंद्याचेच काम सांगायचे, कुवतीबाहेर राबवायचे नाही, सणावारी मोकळे सोडायचे, अशी कलमे त्यात होती. त्यांतच एक कलम बोलण्याविषयी होते. पोरगा चुकला तर मिस्त्रीने त्याला मायेने आणि नुसत्या शब्दांनी समज द्यायची. अंगावर हात टाकायचा नाही, छळायचे नाही.

शिकाऊ पोराने मालकाशी अदबीने वागावे, ही अट कोणत्याही काळातल्या मालकाला सुचेल. या करारातही ती होतीच. पण मालकाने पोराशी कसे बोलावे हे कागदावर लिहून त्याखाली सही घेणे, ही गोष्ट दुर्मीळ. ते धर्मगुरू म्हणजे जोव्हान्नी बॉस्को. जग त्यांना डॉन बॉस्को म्हणून ओळखते. ‘डॉन’ ही इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी लावायची आदराची उपाधी. माटुंग्याच्या शाळेमुळे हे नाव मुंबईकरांच्या चांगले ओळखीचे आहे. त्या नावामागची बोलण्याची रीत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मुलांच्या तोंडी आदराचे, मायेचे बोल यावेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी ती रीत जवळून पाहावी, म्हणून हा परिचय.

गुद्दे घेऊन धावलेला मुलगा

बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी पिएमाँत प्रांतातल्या बेक्की नावाच्या वस्तीत, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच वडील गेले. आई मार्गेरिता हिने शेती सांभाळून मुलांना वाढवले. नवव्या वर्षी पडलेले एक स्वप्न त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. अंगणात पोरांची झुंड जमलेली, कुणी हसतेय, कुणी खेळतेय आणि कित्येक जण अभद्र बोलताहेत. ते ऐकून छोटा जोव्हान्नी गुद्दे मारत त्यांच्यात घुसला. तेवढ्यात एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि सांगितले की ही पोरे मारून तुझी होणार नाहीत, सौम्यपणाने आणि प्रेमाने होतील.

या स्वप्नातला मुलगा मला फार खरा वाटतो. पोराच्या तोंडून शिवी ऐकली की आपला हात आधी उठतो, नाहीतर आवाज चढतो. वाईट बोलणे थांबवायला आपण त्याहून वाईट बोलतो. बॉस्को यांचे पुढचे सगळे आयुष्य या पहिल्या ऊर्मीला आवर घालण्यात गेले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१८४१ च्या जूनमध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि ते ट्युरिनला आले. शहर वाढत होते. गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहायला, धुराडी साफ करायला खेड्यापाड्यांतून पोरे येत होती. त्यांचे आईबाप दूर, रात्री टेकायला धड जागा नाही. डॉन काफास्सो या गुरूंनी बॉस्को यांना तुरुंगात नेले. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार पोरे तिथे रिकामी बसलेली दिसली. सुटून गेलेली पोरे पुन्हा आत येत होती, कारण बाहेर त्यांना आपले म्हणणारे कोणी नव्हते.

८ डिसेंबर १८४१ ची सकाळ बॉस्को यांच्या अनुयायांच्या सलेशियन परिवारात आजही सांगितली जाते. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या चर्चमध्ये बॉस्को मिस्सेच्या उपासनेसाठी पोशाख करत होते. एक पोरगा तिथे येऊन घुटमळत होता. मिस्सेच्या वेळी मदत करायला चर्चच्या सेवकाने त्याला सांगितले. पोराला ते येत नव्हते. सेवक चिडला आणि झाडणीच्या दांड्याने त्याला मारत बाहेर पिटाळले. बॉस्को यांनी सेवकाला जाब विचारला, हा माझा मित्र आहे असे सांगितले आणि पोराला परत बोलावून घेतले. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, तो मित्र! मग त्यांनी त्याचे नाव विचारले, गाव विचारले, आईबाप आहेत का ते विचारले. बार्तोलोमेओ गारेल्ली, वय सोळा, गवंडीकाम, पोरका, लिहितावाचता येत नाही. ज्याला क्षणापूर्वी दांड्याने हाकलले होते, त्याला कोणीतरी नावाने हाक मारली. सलेशियन कार्याची सुरुवात याच भेटीपासून मोजतात.

मार्गेरिता आईचे बोल

बॉस्को यांच्याभोवती जमणारी पोरे वाढत गेली आणि त्यांच्या गलक्याने त्रासलेले लोक त्यांना एकेका जागेवरून उठवत गेले. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक बैठी शेड भाड्याने मिळाली. त्याच नोव्हेंबरात मार्गेरिता आई गाव सोडून मुलाच्या मदतीला आली. बेघर पोरांना रात्री आसरा देण्याचा पहिला अनुभव कडू होता. गवतात झोपवलेली पोरे सकाळी पांघरुणांसह पसार झाली.

तरीही १८४७ च्या मे महिन्यात, मुसळधार पावसात, एक पंधरा वर्षांचा पोरगा चिंब भिजून दारात उभा राहिला तेव्हा दार उघडले. तोही गवंडीकाम शोधायला आलेला. खिशात दमडी नाही. आईने त्याला चुलीजवळ बसवले, गरम सूप आणि पाव दिला. मग बाहेर जाऊन विटा आणल्या, त्यांचे खुंट रचले, वर फळ्या टाकल्या आणि त्यावर गादी घातली. आधी हात पोळलेले होते, त्यामुळे हाही भांडी घेऊन पळणार नाही ना, ही धास्ती तिला होतीच. निजण्याआधी ती त्याच्याशी चार शब्द बोलली: कष्टाविषयी, प्रामाणिकपणाविषयी, देवाविषयी. मग त्याला निजवले आणि स्वयंपाकघराला कुलूप घातले.

त्या चार शब्दांची पुढे प्रथा झाली. जगभरच्या सलेशियन घरांत ती ‘शुभ रात्री’ या नावाने चालते. रात्रीची प्रार्थना झाली की घराचा प्रमुख मुलांसमोर उभा राहतो आणि दोन-तीन मिनिटे बोलतो. दिवसभरात घडलेली एखादी गोष्ट, कुणी केलेले चांगले काम, बाहेरच्या जगातली एखादी बातमी, उद्यासाठी एखादा विचार, आणि मग शुभ रात्री. हे प्रवचन नव्हे. लांबले की त्याचा जीव गेला. दिवसाच्या शाळेत हेच बोलणे सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी होते.

या प्रथेची ताकद तिच्या वेळेत आहे. दिवसभरात भांडणे होतात, कुणी रागावलेले असते, कुणी दुखावलेले. मूल शेवटचे शब्द कोणते ऐकून अंथरुणावर पडते याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे आजी नातवंडांना थोपटताना हेच करत आली. बॉस्को यांनी ते शेकडो पोरांच्या वसतिगृहात, रोज, न चुकता करून दाखवले.

सौम्यपणाचे संत

१८५९ मध्ये बॉस्को यांनी आपल्या सहकाऱ्यांचा संघ स्थापन केला आणि त्याला स्वतःचे नाव न देता सेल्सच्या संत फ्रान्सिस यांचे नाव दिले. ‘सलेशियन’ हा शब्द त्यातूनच आला. हे फ्रान्सिस (१५६७–१६२२) जिनिव्हाचे बिशप होते. धर्मावरून युरोपात रक्त सांडत असताना ते विरोधकांशीही सौम्यपणे बोलत, आणि त्याच गुणासाठी ओळखले गेले. त्यांचा सण २४ जानेवारीला येतो आणि डॉन बॉस्को यांचा ३१ जानेवारीला. हे दिवस आपल्या तिळगुळाच्या मोसमातले. संक्रांतीला लहानथोर एकमेकांना गोड बोलण्याची आठवण देतात. त्याच महिन्यात मुंबईतल्या सलेशियन शाळांमध्ये सौम्य बोलणाऱ्या दोन संतांचे स्मरण होते. हा निव्वळ योगायोग, पण मराठी घरातून त्या शाळेत जाणाऱ्या मुलाला तो जवळचा वाटावा.

१८७२ मध्ये मोर्नेसे गावच्या मारिया माझारेल्लो यांच्यासह बॉस्को यांनी सिस्टरांचा संघ उभा केला. माझारेल्लो शेतावर राबलेल्या. विषमज्वराने अंगातली शक्ती गेली तेव्हा त्या शिवण शिकल्या आणि गावातल्या मुलींना शिवणकाम शिकवू लागल्या. पोरांसाठी वाल्दोक्कोत जे चालले होते, ते मुलींसाठी या शिवणवर्गातून वाढले.

कानात सांगितलेली गोष्ट

बॉस्को यांनी आपली रीत १८७७ मध्ये एका छोट्या निबंधात मांडली. मुलांना वळण लावायचे दोन मार्ग त्यांनी सांगितले. एकात नियम सांगून टाकायचे, दुरून पाहत राहायचे आणि कुणी चुकला की शिक्षा करायची. दुसऱ्यात नियम नीट समजावून द्यायचे आणि मुलांबरोबरच राहायचे, म्हणजे चूक घडण्याआधीच एखादा शब्द कामी येतो. दुसऱ्या मार्गाला त्यांनी तीन आधार दिले: समजूत, श्रद्धा आणि जिव्हाळा.

त्यातले बारकावे पाहण्यासारखे आहेत. मुलाला मारू नये, कान पिळू नयेत, त्रास होईल असे गुडघ्यांवर बसवू नये. याने मूल चिडते आणि शिक्षकच हलका होतो. अगदी विरळा प्रसंग सोडले तर कुणालाही चारचौघांत बोलू नये, बाजूला घेऊन सांगावे. मुलांना हुंदडायला, ओरडायला, खेळायला भरपूर मोकळीक द्यावी. स्वतः बॉस्को खेळाच्या गर्दीत एखाद्या पोराजवळ वाकून त्याच्या कानात एकच वाक्य सांगत. सलेशियन परंपरेत त्याला ‘कानातला शब्द’ असेच म्हणतात. कानात सांगितलेल्या गोष्टीने कुणाची अब्रू जात नाही. ज्याची अब्रू कुणीतरी राखली आहे, तोच दुसऱ्याची राखायला शिकतो.

१० मे १८८४ रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी रोमहून वाल्दोक्कोला एक पत्र पाठवले. घर मोठे झाले होते, मुले वाढली होती, पण जुना मोकळेपणा उरला नव्हता. याचे कारण त्यांनी मुलांमध्ये शोधले नाही, शिक्षकांकडे बोट दाखवले. शिक्षक मुलांसाठी खपत होते, पण खेळाच्या सुट्टीत ते एका कडेला उभे राहून आपापसांत बोलत होते. तुमचे मुलांवर प्रेम असेल, पण ते मुलांना कळायला हवे, हा त्या पत्राचा गाभा. फळ्यापुढेच दिसणारा शिक्षक हा शिक्षकच राहतो. मैदानात उतरला की तो भाऊ होतो.

मला या रीतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. करारातले कलम मिस्त्रीसाठी होते, निबंधातले नियम शिक्षकांसाठी, पत्रातला ठपकाही शिक्षकांवर. मुलांच्या बोलण्याची काळजी वाहणाऱ्या या माणसाने वेसण घातली ती मोठ्यांच्या जिभेला. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात जिभेची तुलना घोड्याच्या लगामाशी आणि जहाजाच्या सुकाणूशी केलेली आहे. एवढीशी वस्तू, पण सगळा देह वळवणारी. शाळेत हे सुकाणू शिक्षकाच्या तोंडात असते. ‘गाढवा’, ‘मूर्खा’, ‘तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही’ हे शब्द मूल वर्गात ऐकते आणि मधल्या सुट्टीत आपल्याहून धाकट्याला ऐकवते. ‘बाळ’, ‘काय झालं रे?’, ‘चुकलंच माझं’ हे शब्दही ते तसेच उचलते.

मुंबईपर्यंत

सलेशियन १९०६ मध्ये तंजावरला आले आणि १९२८ मध्ये मुंबईला. त्यांच्या शाळांत आज सर्व धर्मांची मुले शेजारी शेजारी बसतात. रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठी वडाळ्याला निवारा आहे. तिथे येणाऱ्या मुलाची कहाणी गारेल्लीच्या कहाणीहून फार वेगळी नसते. अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या मायेने झिजलेले साने गुरुजी ज्यांना प्रिय आहेत, त्या मराठी वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही.

आपल्या देशाच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. म्हणजे शब्दाची जखमही कायद्याने जखम मानली. १८५२ च्या त्या करारातल्या कलमाचा आशय आता देशाच्या कायद्यात आला आहे, असेच म्हणायचे.

पण कागद एकटा पुरत नाही, हेही इथेच सांगायला हवे. त्याच २००९ साली आयर्लंडमध्ये एक मोठा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. धर्मसंघांनी चालवलेल्या संस्थांत मुलांवर अनेक दशके झालेली मारहाण, अपमान आणि अत्याचार त्यात नोंदले गेले. भिंतीवर क्रूस होता, दिवसातून अनेकदा प्रार्थना होत होती, तरी मुले भयात जगली. मोठ्यांवर कोणाची नजर नसेल आणि मुलांचे ऐकणारे कोणी नसेल, तर सुंदर शिकवण मुलांचे रक्षण करू शकत नाही. ख्रिस्ती शाळेने, आणि कोणत्याही शाळेने, आदर शिकवायचा तो या आठवणीसह.

जी शाळा हे मनावर घेईल, तिला फार खर्च नाही. पण वेळ द्यावा लागतो. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवायचे, मधल्या सुट्टीत मैदानात जायचे, रागावलेले वाक्य गिळून मुलाला बाजूला न्यायचे. हे रोज करणे कठीण आहे. थकलेल्या शिक्षकाला तर फारच कठीण.

अशा वेळी मला मार्गेरिता आई आठवते. त्या रात्री तिचा त्या पोरावर विश्वास बसलेला नव्हता. स्वयंपाकघराला तिने कुलूप घातलेच. पण विश्वास बसेल तेव्हा बोलू, असे ती म्हणाली नाही. ती आधी बोलली, चांगले बोलली, आणि विटांवर रचलेल्या त्या अंथरुणात त्याला निजवले. तो पोरगा काही घेऊन पळाला नाही. तो राहिला, आणि त्या घराचा पहिला निवासी विद्यार्थी झाला.