हृद्‌झडपांचा संकोच : फलानुमान

हृदयातील चार झडपांपैकी एखादीचे मुख अरुंद होऊन रक्तप्रवाहास अडथळा निर्माण होतो, त्या विकृतीस झडपेचा संकोच म्हणतात. अशा रुग्णाचे पुढील आयुष्य किती व कसे जाईल याविषयीच्या वैद्यकीय अंदाजास फलानुमान ही संज्ञा आहे. हा अंदाज केवळ मुखाच्या मापावरून बांधता येत नाही. तीव्र संकोच असूनही लक्षणे नसलेला रुग्ण कित्येक वर्षे बरा राहू शकतो. लक्षणे सुरू झाल्यावर मात्र उपचारांविना आयुर्मर्यादा झपाट्याने घटते. म्हणून पहिले लक्षण केव्हा उद्‌भवले आणि त्यानंतर अडथळा दूर होण्यास किती काळ गेला, या दोन गोष्टींना फलानुमानात सर्वाधिक महत्त्व असते.

द्विदली झडपेचा संकोच : डावे अलिंद व डावे निलय यांमधील द्विदली म्हणजेच मायट्रल झडपेचा संकोच भारतात बहुतांशी संधिज्वरामुळे [⟶ संधिज्वर] होतो. बालपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे घसा सुजतो. शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा जंतूंबरोबर स्वतःच्या ऊतकांवरही आघात करते. दले जाड होऊन त्यांच्या कडा एकमेकींस चिकटतात. पाश्चात्त्य देशांत या प्रक्रियेस दोन-तीन दशके लागत असल्याचे आढळले होते. भारतात मात्र विशीच्या आतील मुलांतही तीव्र संकोच आढळतो, हे सुजय रॉय व त्यांचे सहकारी यांनी 1963 मध्ये निदर्शनास आणले.

प्रौढ व्यक्तीत या झडपेचे मुख 4 ते 6 चौ. सेंमी. असते. ते 1.5 चौ. सेंमी. वा त्याहून कमी झाल्यास संकोच तीव्र मानतात. गॉर्लिन यांनी 1951 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार झडपेच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट झाला, तर दाबातील फरक चौपट होतो. हा वाढीव दाब मागे फुप्फुसात पोहोचतो व धाप लागते. विश्रांतीच्या वेळी ठीक असणारा रुग्ण जिना चढताना का थांबतो, याचे उत्तर या गणितात आहे. गरोदरपणी रक्तद्रवाचे प्रमाण सु. 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, नाडी जलद होते आणि निलय भरण्यास मिळणारा वेळ कमी होतो. त्यामुळे तोवर अज्ञात राहिलेला संकोच कित्येक स्त्रियांत गरोदरपणीच प्रथम उघडकीस येतो. तोही कधीकधी फुप्फुसात पाणी साचण्याच्या गंभीर रूपात.

उपचारांविना रोगाचा क्रम कसा असतो, हे जुन्या पाहण्यांवरून कळते. अमेरिकेतील रो, ब्लँड, स्प्रेग व व्हाइट यांनी शस्त्रक्रिया न झालेल्या 250 रुग्णांचा वृत्तांत 1960 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील 39 टक्के रुग्ण दहा वर्षांत, तर 79 टक्के वीस वर्षांत मरण पावले. मात्र ही सरासरी फसवी आहे. लक्षणे नसलेल्या वा सौम्य असलेल्या गटात दहा वर्षांनंतर 80 टक्क्यांहून अधिक रुग्ण जिवंत असतात. हालचाली अत्यंत मर्यादित झालेल्या गटात हे प्रमाण 15 टक्क्यांपर्यंतच असते. फुप्फुस रोहिणीतील दाब फार वाढला असल्यास सरासरी आयुर्मर्यादा तीन वर्षांहूनही कमी भरते.

साहजिकच रुग्ण कोणत्या गटात आहे हे ठरविणे महत्त्वाचे असते आणि नेमके तेच अवघड असते. वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीतील बोळिंज येथून मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण घेता येईल. विरार स्थानकाचा पूल पूर्वी एका दमात चढणारा मनुष्य मध्ये थांबू लागला, तर ते निश्चित लक्षण होय. पण दोष गर्दीला, वयाला किंवा रक्तक्षयाला दिला जातो. (रक्तक्षयाने हृदयावरील भार खरोखरच वाढतो, त्यामुळे हा समज अधिकच पटतो.) पुढे रुग्ण नकळत चालणे कमी करतो, गाडी सोडून पुढच्या गाडीने जातो आणि वैद्याने विचारले असता ‘त्रास नाही’ असे सांगतो. म्हणून ‘किती धाप लागते?’ यापेक्षा ‘गेल्या वर्षी जे करीत होता ते आज करता का?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने होणारी एकोकार्डिओग्राफी ही तपासणी निदान पक्के करते.

अलिंदाचे अनियमित कंपन सुरू झाल्यास आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका संभवतो. पक्षाघात हेच काही रुग्णांत पहिले लक्षण असते. त्यासाठी वॉरफरिनसारखी रक्तक्लथनरोधी औषधे देतात. संधिज्वरजन्य विकारात रिव्हारोक्झाबॅन या नव्या औषधापेक्षा जुनीच औषधे सरस असल्याचे 2022 मधील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसून आले.

चिकटलेल्या कडा बोटाने विलग करण्याचा प्रयत्न लंडनमध्ये सूटार यांनी 1925 मध्ये केला. ही शस्त्रक्रिया रूढ झाली ती 1948 मध्ये बेली, हार्कन व ब्रॉक यांना यश मिळाल्यावर. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने 1950 नंतरच्या काळात हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. जपानमधील कांजी इनोउए यांनी 1982 मध्ये शिरेतून फुगा नेऊन झडप रुंदावण्याची पद्धती प्रथम वापरली. दले लवचिक असल्यास या पद्धतीने मुख सु. दुप्पट होते व छाती उघडावी लागत नाही. फ्रान्समधील 1,024 रुग्णांच्या पाहणीत दहा वर्षांनंतर 56 टक्के रुग्ण पुन्हा हस्तक्षेप न होता समाधानकारक स्थितीत होते. तरुण रुग्णांत परिणाम याहून चांगले मिळतात.

दले कठीण झाली असल्यास कृत्रिम झडप बसवितात. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, परंतु वॉरफरिन आजन्म घ्यावे लागते. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली अशी झडप 1990 मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली. प्राणिज ऊतकाच्या झडपेस हे औषध सहसा कायमचे लागत नाही, पण तरुणांत ती लवकर झिजते. वॉरफरिनमुळे गर्भास अपाय होऊ शकत असल्याने अपत्येच्छू स्त्रीच्या बाबतीत झडपेची निवड विशेष कठीण असते. बोळिंज ते परळ हे सु. 50 किमी. अंतर शस्त्रक्रियेसाठी एकदा तोडता येते. रक्ताची नियमित तपासणी मात्र घराजवळ व्हावी लागते, कारण ती चुकल्यास झडपेवर गुठळी होते किंवा रक्तस्राव होतो. वसईच्या वाड्यांतील पालेभाज्या वर्ज्य करण्याचे कारण नाही. त्यांतील क जीवनसत्त्वाचा नव्हे, तर के जीवनसत्त्वाचा या औषधाशी संबंध असल्याने आहारातील त्यांचे प्रमाण सारखे ठेवणे पुरेसे असते.

महारोहिणी झडपेचा संकोच : हा मुख्यत्वे उतारवयातील, कॅल्शियम साचून होणारा विकार आहे, जन्मतः तीनऐवजी दोनच दले असलेल्यांत तो लवकर उद्‌भवतो. रॉस व ब्राउनवॉल्ड यांनी 1968 मध्ये दाखविल्याप्रमाणे उपचारांविना सरासरी आयुर्मर्यादा छातीतील वेदना सुरू झाल्यापासून सु. पाच, मूर्च्छेनंतर तीन व हृद्‌निष्फलतेनंतर दोन वर्षे असते. औषधांनी हा क्रम बदलत नाही; झडप बदलावी लागते. क्रिब्ये यांनी 2002 मध्ये फ्रान्समध्ये नळीवाटे झडप बसवून दाखविली. शस्त्रक्रिया न पेलणाऱ्या रुग्णांवरील 2010 मधील चाचणीत एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या उपचारांनी 50.7 टक्के, तर या पद्धतीने 30.7 टक्के होते.

संधिज्वर होऊन गेलेल्यांस दर तीन ते चार आठवड्यांनी दीर्घ परिणामी पेनिसिलिनची सुई देतात. झडप बदलली, तरी ती बंद करावयाची नसते. युगांडातील 818 मुलामुलींवरील चाचणीत (2021) दोन वर्षांत सुप्त विकार बळावण्याचे प्रमाण सुई घेणाऱ्यांत 0.8 टक्के व न घेणाऱ्यांत 8.2 टक्के आढळले.