नडगी दुखते? गोळी घेऊन धावू नका

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील मैदाने पहाटेच गजबजू लागतात. जिथे मैदान नाही, तिथे गावाबाहेरचा डांबरी रस्ता हीच धावपट्टी. शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत ५० पैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर आणि मुलींच्या ८०० मीटर धावण्याला आहेत. त्यामुळे सारा जोर धावण्यावर असतो. ऐन वेळी सराव सुरू केलेल्यांची काही आठवड्यांतच एक तक्रार सुरू होते, ती म्हणजे नडगी दुखते. तारीख जवळ आली म्हणून कोणी दुखणे लपवतो, कोणी गोळी घेऊन धावतो. पण अशाने भरतीची संधीच हातची जाऊ शकते.

दम वाढतो, हाड मागे राहते

नियमित धावले की थोड्याच आठवड्यांत दम सुधारतो. हाडाचे तसे नसते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. या ताणाला तोंड देण्यासाठी शरीर हाडाचा झिजलेला भाग आधी काढून टाकते आणि मग तिथे नवे हाड भरते. काढण्याचे काम झटपट होते, भरून पक्के व्हायला मात्र काही महिने लागतात. मधल्या काळात हाड थोडे कमजोर असते. नेमके तेव्हाच दम वाढला म्हणून आपण अंतर वाढवतो.

दुखणे कोणते, ते ओळखा

नडगीच्या आतल्या कडेने, चार बोटे किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा ‘शिन स्प्लिंट’. धावणे कमी केले, दहा-पंधरा मिनिटे कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावला आणि काही आठवडे सबुरी ठेवली, की ते बहुतेकदा बरे होते.

दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, धावताना वेदना वाढत जात असेल आणि पुढे चालताना किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी. यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणे कायम असेल तर पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. गरज वाटल्यास ते एमआरआय सांगतात. अशा वेळी साधारण सहा ते आठ आठवडे धावणे बंद ठेवावे लागते. धावताना जांघेत दुखत असेल तर त्याच दिवशी थांबा. खुब्याच्या हाडाला चीर असेल, तर ते पूर्ण मोडू शकते.

वेदनाशामक गोळी चीर सांधत नाही, फक्त शरीराचा इशारा दाबते. वऱ्हाडच्या उन्हात घामाने शरीरातले पाणी कमी झाले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडालाही अपाय करू शकतात.

घोट्याला जपा

उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात. अशा जमिनीवर अंधारात धावताना घोटा मुरगळतो. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर उंच ठेवणे एवढे करा. गरम तेलाने जोरात चोळू नका. मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

आधीपासून काय करावे?

• जाहिरातीची वाट न पाहता तीन-चार महिने आधी सराव सुरू करा.
• अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका.
• आठवड्यातून दोन दिवस धावण्याला सुट्टी द्या.
• रोज डांबरावर धावण्याऐवजी सपाट मातीचे मैदान शोधा. तळ झिजलेले बूट बदला.
• टाचा उचलणे आणि बैठका आठवड्यातून दोनदा करा.
• पोटभर जेवा; डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे आहारात असू द्या. सराव वाढल्यावर मुलींची पाळी लांबली किंवा थांबली, तर आहार कमी पडत असण्याची शक्यता असते. त्यातून हाडे कमजोर होतात, म्हणून डॉक्टरांना दाखवा.

चाचणी तीन आठवड्यांवर असताना नडगी दुखू लागली, तर धावणे थांबवून आधी तपासणी करून घ्या. तोवर दम टिकवण्यासाठी, दुखत नसेल तर सायकल चालवा किंवा पोहा. दोन आठवडे धावले नाही म्हणून कमावलेला सगळा दम जात नाही.