किनाऱ्याची लांबी किती? आधी पट्टी सांगा!

एखाद्या किनारी राज्याची प्राथमिक माहिती म्हटलं की क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि किनाऱ्याची लांबी हे आकडे आलेच. महाराष्ट्राचा किनारा 720 किमी, हे आपण शाळेपासून पाठ केलंय. पण काही कागदपत्रांत 652.6 सापडतं आणि नव्या मोजणीत सुमारे 878. मग किनारा वाढला का? नाही, मोजायची पद्धत बदलली.

आता आमच्या सोनाळ्याहून समुद्र कितीतरी लांब. म्हणून शेताकडेच्या नाल्याचं उदाहरण घेऊ. नाल्याचा काठ दहा मीटरच्या दोरीने मोजला, तर लहान वळणं सुटतात. एक मीटरच्या काठीने मोजला की ती वळणं धरली जातात आणि लांबी वाढते. काठ तोच, आकडे दोन. लुईस फ्राय रिचर्डसन यांना देशांच्या सीमांच्या आकड्यांत हेच दिसलं होतं. पुढे 1967 मध्ये मँडेलब्रॉट यांनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला.

अमेरिकेतलं मेन राज्य बघा. ढोबळ मोजणीत त्याचा किनारा 228 मैल, तर कॅलिफोर्नियाचा 840. पण खाड्या, बेटं धरून भरतीच्या पाण्याची कड मोजली, तर मेन 3,478 आणि कॅलिफोर्निया 3,427. म्हणजे पद्धत बदलली तर क्रमही उलटतो!

भारतात 1970 च्या दशकातला आकडा होता 7,516.6 किमी. तो 1:45,00,000 या ढोबळ प्रमाणावरचा. नवी मोजणी 1:2,50,000 प्रमाणावर झाली आणि लांबी निघाली 11,098.81 किमी.

आता आपल्या कामाचा मुद्दा. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राच्या 1990 ते 2018 च्या अभ्यासानुसार मुख्य भूमीच्या 33.6 टक्के किनाऱ्याची धूप होतेय. हे टक्के 6,907.18 किमी लांबीवर काढलेत, म्हणजे साधारण 2,320 किमी. कुणी हेच टक्के घाईत 11,098.81 ला लावले, तर उत्तर येईल सुमारे 3,729. जवळपास 1,400 किमी धूप नुसती कॅल्क्युलेटरवर झाली! आणि असा आकडा एकदा थिसिसमध्ये छापला गेला, की पुढचे चार जण तोच उचलतात.

म्हणून मित्रांनो, कुठलाही ‘साधा’ आकडा घेताना तीन गोष्टी वहीत लिहा: कोणत्या वर्षी मोजला, कोणत्या प्रमाणावर, आणि त्यात काय धरलं (बेटं, खाड्या) व काय सोडलं. दोन आकड्यांची तुलना करायची तर या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. जुळत नसतील तर तुलना करू नका, फरक का पडला ते लिहा. पेटच्या मुलाखतीत कुणी किनाऱ्याची लांबी विचारली, तर आकडा जरूर सांगा, पण सोबत पट्टीही सांगा. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते.