पृथ्वीच्या पोटांतील काळ्या भिंती

धुळें, साक्री, नंदुरबार या बाजूस ज्यांचें जाणेंयेणें आहे, त्यांनीं माळरानावरून सरळ रेघेंत दूरवर गेलेल्या काळ्या, अरुंद टेकड्या पाहिल्या असतील. एखाद्या मोडक्या तटासारख्या त्या भासतात. परंतु त्यांचा कर्ता मनुष्य नव्हे. भूगर्भशास्त्रांत यांस ‘डाइक’ म्हणतात. आपण ‘भित्ति’ म्हणूं. या टापूंत अशा दोनशेंहून अधिक भित्तींची नोंद झाली असून, त्यांपैकीं सर्वांत लांब भित्ति सुमारें ७९ किलोमीटर भरते. या भित्तींचा दगड कशाचा बनला आहे आणि त्याचा आपल्या विहिरींशीं काय संबंध, याचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे पूर आले, व त्यांचे थरावर थर बसले. त्याच थरांतून पुढें आजचा सह्याद्रि कोरला गेला. हा तप्त शिलारस खालून वर येई तो भूमीला पडलेल्या उभ्या भेगांतून. जो पृष्ठभागावर सांडला त्याचा बेसाल्ट झाला. जो भेगेंतच थिजला त्याची भित्ति झाली, व तिच्या दगडास डोलेराइट हें नांव मिळालें. फार खोल थिजलेला ग्रॅनाइट एका टोकास आणि उघड्यावर थिजलेला लाव्हा दुसऱ्या टोकास धरला, तर डोलेराइटाचें स्थान या दोहोंच्या मध्यें येतें. पुढें आजूबाजूचा खडक अधिक झिजला आणि कठीण भित्ति उघडी पडली.

आतां मौज अशी कीं, डोलेराइट आणि बेसाल्ट यांचें रासायनिक पृथक्करण केलें तर दोहोंचे आंकडे जवळजवळ एकच येतात. शंभर भागांत सिलिका सुमारें ५०, ॲल्युमिना १३ ते १५, लोहाचीं ऑक्साइडें १२ ते १४, चुना १० च्या आसपास, मॅग्नेशिया ५ ते ७, सोडा २ ते ३, टायटॅनियमचें ऑक्साइड बहुधा १ ते ३, आणि पोटॅश एकाहूनही कमी. थिजतांना या द्रव्यांचीं मुख्यतः तीन प्रकारचीं खनिजें बनतात. चुना, सोडा, ॲल्युमिना व सिलिका मिळून प्लॅजिओक्लेज नांवाचें फेल्स्पार होतें; ताज्या फोडीवर त्याच्या फिकट काड्या चमकतात. चुना, मॅग्नेशिया, लोह व सिलिका मिळून ऑजाइट हें काळपट खनिज होतें. पुष्कळदां त्याच्या एका मोठ्या स्फटिकांत फेल्स्पारच्या अनेक काड्या रुतलेल्या आढळतात. लोह व टायटॅनियम यांचा बराच अंश मॅग्नेटाइट व इल्मेनाइट यांच्या काळ्या कणांत जातो.

द्रव्य एकच, मग बेसाल्ट बारीक व डोलेराइट रवाळ कां? याचें उत्तर गृहिणींस ठाऊकच आहे. पाक संथपणें निवूं दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. तोच घोटीत निवविला तर बारीक साखर होते. हेंच खडकांविषयीं प्रयोगानें दाखविलें तें सर जेम्स हॉल या स्कॉटिश गृहस्थानें. काळा दगड समुद्राच्या पाण्यांतून सांचला असें त्या काळीं अनेक पंडित मानीत. हॉलचे स्नेही जेम्स हटन तो तप्त रसाचा आहे असें म्हणत. परंतु लहानशा मुशींतील प्रयोगावरून सृष्टीचा निर्णय करणें हटनला पसंत नव्हतें. म्हणून त्याच्या हयातींत हॉल थांबला. १७९७ सालीं हटन वारल्यावर, १७९८ मध्यें त्यानें आपले प्रयोग एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढें मांडले. एडिंबरोजवळचा काळा दगड त्यानें लोखंडाच्या भट्टींत वितळविला. झटकन निवविला तेव्हां त्याची कांच झाली. हळूहळू निवविला तेव्हां पुनः रवाळ दगड झाला. मतभेद असूनही मित्राचा मान राखावा व शेवटीं प्रमाण प्रयोगाचें मानावें, हा त्यांतील बोध आम्हांस दगडाइतकाच मोलाचा वाटतो.

हाच नियम भित्तींत एका दृष्टिक्षेपांत दिसतो. कडेला थंड खडकाचा स्पर्श झाल्यामुळें तेथील दगड बारीक असतो. मध्यभागीं ऊब टिकल्यामुळें कण मोठे होतात. निवतांना दगड आकसतो व भित्तीला आडव्या भेगा पडतात. कोठें कोठें तर लांकडाच्या मोळ्या रचल्याप्रमाणें आडवे खांब दिसतात.

या भेगांशीं आपल्या संसाराचा संबंध आहे. भेगाळलेल्या व कुजलेल्या भित्तींत पावसाचें पाणी मुरतें आणि ती भूमिगत टांक्याचें काम करते. साक्री तालुक्यांतील भित्तींचा अभ्यास याच दृष्टीनें झालेला आहे. उलट भित्ति अखंड असेल तर ती बांधाप्रमाणें पाणी अडविते. मग चढाच्या अंगाची विहीर भरलेली, तर उताराच्या अंगाची कोरडी, असाही प्रकार घडतो. झिजतां झिजतां फेल्स्पारची चिकणमाती होते, त्यांतील चुना पाण्यांत उतरतो, आणि लोह गंजून दगडास तांबूस पापुद्रे सुटतात.

परंतु हा दगड टणक, म्हणून खडीलाही उत्तम. जी भित्ति गांवाचें पाणी धरून बसली आहे, तीच सडकेसाठीं फोडली तर सडक होईल, पण पाण्याचा बांध फुटेल. आणि फुटलेली भित्ति कोणत्याही गवंड्यास पुनः बांधतां येणार नाहीं. यास्तव ज्यांची शेतीवाडी अशा भागांत आहे त्यांस आमची सूचना एवढीच कीं, विहीर खणण्यापूर्वीं भित्तीची दिशा, रुंदी व भेगा जाणत्याकडून तपासून घ्याव्या. आणि खाणीस संमति देण्यापूर्वीं दोन्ही अंगांच्या विहिरींचें पाणी निदान एक वर्षभर मोजून पाहावें.