संगणक उद्योग, भारतातील

संगणक, त्यांचे घटक भाग व सॉफ्टवेअर (संगणकास द्यावयाच्या सूचनांचे संच) यांचे उत्पादन करणारा आणि तत्संबंधित सेवा पुरविणारा उद्योग. भारतात या उद्योगाची जडणघडण बव्हंशी शासकीय धोरणाने झाली. आयातीवर नियंत्रण ठेवून देशी उत्पादनास संरक्षण द्यावयाचे, की शिक्षण, संशोधन व दळणवळण यांच्या सामाईक सोयी उभारून उद्योजकांना वाव द्यावयाचा, हा या धोरणातील मूळ प्रश्न होय.

संरक्षणाचा काळ : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. शासनाने १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिकी विभाग व १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिकी आयोग स्थापन केला. हैदराबाद येथील ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ या सरकारी कंपनीकडे संगणकनिर्मितीचे काम होते. १९७३ च्या परकीय चलन नियमन अधिनियमानुसार परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्याची अट मान्य नसल्याने आयबीएम ही अमेरिकन कंपनी १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली. तिच्या संगणकांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. पुढे रेल्वे आरक्षणाची संगणकीय पद्धती याच कंपनीने उभारली. अशा रीतीने संरक्षणामुळे देशात तज्ज्ञ मनुष्यबळ तयार झाले. तथापि देशी संगणक महाग पडत आणि परवाने मिळण्यास विलंब लागे.

धोरणातील बदल : नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध शिथिल केले व सॉफ्टवेअरला उद्योग म्हणून मान्यता दिली. प्रगत संगणक परदेशांतून मिळण्यात अडचणी येऊ लागल्याने १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी–डॅक) स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया या संस्थेने निर्यातदारांना उपग्रहाद्वारे संदेशवहन, शुल्कमुक्त आयात व एकाच ठिकाणी परवाने या सोयी दिल्या. स्वतःची संदेशवहन यंत्रणा उभारणे ज्यांना परवडत नव्हते, अशा लहान कंपन्यांनाही त्यामुळे परदेशांतील कामे भारतात बसून करता आली. निर्यातीच्या नफ्यावरील प्राप्तिकराची सवलत २०११ पर्यंत चालू होती.

यंत्रसामग्रीची बाजू : सॉफ्टवेअरच्या मानाने यंत्रसामग्रीचे उत्पादन मागे पडले. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये संकलित मंडलांचे उत्पादन सुरू झाले. परंतु १९८९ मधील आगीने तो उद्ध्वस्त झाला व दीर्घकाळ बंद राहिला. भारताने १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञान करारात भाग घेतल्यावर त्यात समाविष्ट वस्तूंवरील आयात शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आले. वीज, वाहतूक व भांडवल यांचा खर्च तसाच राहिल्याने देशी उत्पादकांना स्पर्धेस तोंड देणे कठीण गेले. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

मूल्यमापन : केवळ संरक्षणाने किंवा केवळ खुल्या आयातीने हा उद्योग वाढला नाही. आधीच्या दशकांत तयार झालेले तज्ज्ञ व नंतर उपलब्ध झालेल्या सामाईक सोयी यांच्या संयोगातून सॉफ्टवेअरची वाढ झाली. यंत्रसामग्रीच्या बाबतीत असा संयोग घडून आला नाही. म्हणूनच अर्धसंवाहक योजनेचे यश अनुदानाइतकेच अखंड वीज, शुद्ध पाणी, कुशल तंत्रज्ञ आणि धोरणातील सातत्य यांवर अवलंबून आहे.